मुक्या ओंजळीची साक्ष

“काका, ती चोरी तूच केली होतीस का?”

विचारलं! एकदाचं विचारून टाकलं! आणि शेवंतीच्या ढिगाभोवती चाललेले सगळे हात थांबले. अण्णांचे, आईचे, सकाळच्या एसटीने नामपूरहून आलेल्या नवसाआत्याचे. शेडच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाच्या काड्या तिरप्या खाली उतरल्या होत्या. त्यांत फुलांची पिवळी धूळ तरंगत होती आणि मला वाटलं, तीसुद्धा जागच्या जागी थांबली. फक्त महेशकाकाचे हात चालू होते. उमललेलं फूल एका क्रेटमध्ये, अर्धं मिटलेलं दुसऱ्या.

“गोदे!” अण्णा ओरडले. “काय बोलती तू? कोन शिकवतं हे तुला?”

खरं तर अदिबाने. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ‘उशिरा मिळालेला न्याय’ या विषयावर बोलले आणि पहिली आले. मी! जिला सातवीपर्यंत हजेरी देतानाही घाम फुटायचा, ती मी. शिक्षा न होताच तुरुंगात दिवस काढणाऱ्या कच्च्या कैद्यांबद्दल बोलताना माझा आवाज असा काही लागला की मागच्या बाकावरची पोरंही गप्प झाली. खाली उतरले तर अदिबा म्हणाली, “माइकसमोर कुणीपण सिंहीण होतं गं. तुझ्या घरातच एक जण आत राहून आलाय ना? त्याला विचारलंस कधी?” आयुष म्हणाला, “ती नाही विचारणार. पैज.” मी पैज घेतली. पैज आली की माझ्या जिभेला पंख फुटतात.

पण घरात अशी शांतता पडेल असं वाटलं नव्हतं.

“विचारू दे की,” काका म्हणाला. तो हसत होता, पण फुलांकडे बघून. “आजपर्यंत घरात कुणी विचारलंच नाही मला. पहिला नंबर हिचा इथंही.”

“हिचं तोंड लय वाढलंय,” अण्णा म्हणाले.

“वाढू दे ना,” नवसाआत्या म्हणाली. ती अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, थोरली बहीण. लग्न होऊन बागलाणात गेली आणि तिकडचीच झाली. “तोंड शे म्हणून तं वाढस. तुनं तं आयुष्यात नही वाढनं.”

काका उत्तर देणार, तेवढ्यात पप्पांची पिकअप बांधावर येऊन थांबली आणि पप्पा फोन कानाला लावूनच शेडमध्ये शिरले. “हो मॅडम, सगळे इथंच आहेत. स्पीकरवर टाकतो.” फोन त्यांनी रिकाम्या क्रेटवर ठेवला.

रेहाना मॅडम काकाच्या वकील. सरकारने गरिबांसाठी दिलेल्या वकिलांपैकी. आधीचे दोघे काकाचा चेहरासुद्धा ओळखत नव्हते, या मात्र काकाला ‘महेशभाऊ’ म्हणतात.

“उद्या सोमवार, आपली तारीख,” फोनमधून आवाज आला. “मी सल्ला देत नाही, फक्त दोन वाटा सांगते. पहिली, महेशभाऊंनी गुन्हा कबूल करायचा. आत काढले तेवढे दिवस शिक्षा म्हणून पुरे धरा, अशी मी विनंती करीन. बहुतेक ऐकतील. उद्याच्या उद्या संपेल. दुसरी वाट लढायची. सरकारी साक्षीदार झालेत. गोदामाच्या राखणदाराने सांगितलंय की पहाटे टोपलीवाला माणूस बघितला. त्या वेळी महेशभाऊ दुसरीकडे होते, असं सांगणारं आपल्या बाजूचं कुणी असेल तर ते उद्या सांगायचं. नंतर नाही.”

“अन् कबूल केलं तं पुढे काय?” आत्याने फोनकडे वाकून विचारलं, जणू मॅडम त्या क्रेटमध्येच बसल्या होत्या.

“तर आत्या, ते कायमचे दोषी. सुटतील, पण दोषी म्हणून सुटतील.”

“म्हंजे न करता चोर.”

मॅडम म्हणाल्या, “आहे का कुणी? सांगणारं?”

“नाही मॅडम,” पप्पा म्हणाले. फार पटकन म्हणाले. वर्गात बाई पूर्ण प्रश्न विचारायच्या आत उत्तर देणारा मुलगा असतो ना, तसे. आणि त्याच क्षणी आईच्या हातातल्या फुलाच्या पाकळ्या गळून तिच्या मांडीवर पडल्या. काकाने पप्पांकडे पाहिलं, मग आईकडे, मग खाली. मी हे तिन्ही बघितलं. मला ते कळलं नाही, पण बघितलं.

“कबूल करून टाकू,” काका म्हणाला.

फोन बंद झाल्यावर सगळे एकदमच बोलायला लागले.

“बरं व्हईल,” अण्णा म्हणाले. “मी थकलो बाबा. गावात मान खाली घालून चालायचं, ते काय आता नवं हाय का? निदान वारी तरी बंद व्हईल कोर्टाची.”

“सावळीराम, तुला लाज वाटत नाही? पोऱ्याच्या कपाळावर डाग काढतो अन् म्हणतो बरं व्हईल?” आत्या अण्णांवर उसळली.

“आत्या, तू एकदा ये तारखेला,” पप्पा म्हणाले. “एकदा ये अन् बघ. सकाळी जाऊन बाकावर बसायचं. आज साहेब रजेवर. पुढची तारीख. आज साहेबांची बदली झाली, नवे आले नाहीत. पुढची तारीख. आज साक्षीदार आला तर सरकारी वकील नाही, वकील आले तर साक्षीदार नाही. तो आत होता तेव्हा तर वेगळीच तऱ्हा. जेलमधून आणायला गाडी नाही. गाडी असली तर सोबत द्यायला पोलीस नाहीत, बंदोबस्ताला गेलेत. आम्ही कोर्टाच्या दारात, हा जेलच्या दारात, अन् मधे पुढची तारीख.”

“पण मग ते बदलायला नको का?” मी म्हणाले. “गाडी नाही म्हणून एखाद्याचं वर्ष जायचं? पप्पा, आख्ख्या देशात तुरुंगांत जे आहेत त्यातले बहुतेक असेच आहेत, शिक्षाच न झालेले! मी भाषणात...”

“भाषणात टाळ्या मिळतात, गोदा. कोर्टात तारीख मिळते.”

हे लागलं मला. तोंडावर मारल्यासारखं लागलं. काका मात्र उठला होता. अंगावरच्या पाकळ्या झटकून तो नदीच्या वाटेने चालायला लागला, आणि मी कुणाला न विचारता त्याच्यामागे.

*

आमचा मळा जलालपूरला, गंगेच्या काठाला. नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे माझ्या नावाची थट्टा करायला सगळ्यांना दोन-दोन नावं मिळतात. मार्गशीर्षात दुपार सरली की नदीवरून एक पातळ धुकं उठतं आणि शेवंतीच्या वाफ्यांमध्ये येऊन बसतं. फुलं जमिनीवर आहेत की हवेत, ते कळत नाही. अशा वेळी मला नेहमी वाटतं, आपण झोपेतच चालतोय आणि कुणी हाक मारली तर जागे होऊ.

काका काठावरच्या दगडावर बसला होता.

“जिंकलीस का पैज?”

“उत्तर कुठे दिलंस?”

“नाही केली चोरी.” त्याने इतकं साधं सांगितलं, जसं एखादा म्हणतो, नाही, मी चहा नाही घेतला.

“मग कबूल का करतोयस?”

त्याने एक खडा पाण्यात टाकला. “गोदू, तुला मुकी ओंजळ आठवते का?”

आठवते म्हणजे काय! आमच्या घराण्याची रीत होती ती. शेवंतीचा पहिला बहर आला की सूर्य उगवायच्या आत घरातल्या एका पुरुषाने फुलं खुडायची, घरातल्या लहान मुलीच्या ओंजळीत भरायची आणि दोघांनी मिळून ती गंगेत सोडायची. निघाल्यापासून सूर्य दिसेपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. बोललं तर त्या साली बहर जळतो म्हणतात. मी लहान असताना गेले होते एकदा. ती पहाट माझ्या डोक्यात चित्रासारखी नाही, वासासारखी आहे. गार दव, फुलांचा कडवट वास, काकाचा हात. पाण्यात सोडलेली फुलं अंधारात दिसेनाशी होतात, मग लांबवर पुन्हा पिवळी दिसतात. मी हसले होते आणि काकाने ओठांवर बोट ठेवलं होतं. परत येताना वळणावर दिव्यांचा उजेड दिसला, माणसांचा गलका ऐकू आला, आणि काकाने मला हातानेच खूण केली, बांधावरून घरी पळ. मी पळाले. मुकाट्याने. गोधडीत शिरून झोपले. नंतर आईने सांगितलं, काका सुरतेला कामाला गेला. पुढे पाचवीत असताना शेजारच्या समर्थने भांडणात सांगितलं, सुरत नाही, जेल. पण कोणत्या दिवशी, कुठून, ते ना मी विचारलं ना कुणी सांगितलं.

“ती ती पहाट होती?” मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“तीच. त्या रात्री गोदामातल्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या होत्या. मालक, पोलीस, गावातली माणसं, सगळे वळणावर. अन् मी येतोय अंधारातून. हातात रिकामी टोपली, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. विचारलं, कुठून आला? मी गप्प. नाव काय? गप्प. आकाशाकडे बोट दाखवलं, सूर्य येऊ द्या म्हणून. त्यांना वाटलं, वेडाचं सोंग घेतोय.”

“अरे, पण बोलायचं ना!”

“त्या साली अण्णांनी पहिल्यांदा माझ्या हातात टोपली दिली होती. तोपर्यंत दरवर्षी तुझे पप्पा नेत. मी धाकटा, उनाड, माझ्या हातून काही नीट व्हायचं नाही. म्हटलं, एवढं तरी नीट करू. एक थप्पड बसली, दुसरी बसली. मनात म्हणत होतो, थोडाच वेळ, आता तांबडं फुटेल.” तो हसला. “फुटलं. मग मी बोललो, लय बोललो. पण तोपर्यंत कागद लिहून झाला होता. उत्तर देण्यास टाळाटाळ केली.”

“पण काका, गप्प बसणं हा गुन्हाच नाही! घटनेत आहे. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावर करता येत नाही. मी वाचलंय!”

“असेल. घटना त्या पहाटे झोपलेली असेल.”

मला रडू आलं आणि रागही. तो मात्र गोष्ट सांगितल्यासारखं सांगत राहिला. बराकीत कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागे. एक म्हातारा होता, त्याला जामीन मिळून किती दिवस झाले तरी तो आतच, कारण बाहेर जामीन राहायला कुणी माणूस नव्हतं. मोटारी सापडत नाहीत, म्हणून काकाचा जामीन दोनदा फेटाळला; मिळाला तो कितीतरी उशिरा. “आता ज्या मी नेल्याच नाहीत त्या मी कुठून आणून देऊ?” पुढे कोर्टात नेण्याऐवजी टीव्हीसारख्या पडद्यासमोर उभं करायला लागले. पडद्यात साहेब दिसायचे, त्यांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही, आणि मागचा शिपाई म्हणायचा, चल, झालं.

“तिथं सगळेच मुके होते, गोदू. आपली ओंजळ तरी सूर्य उगवेपर्यंत असते.”

“मला का नाही बोलावलं साक्षीला? मी होते ना तुझ्याबरोबर!”

“दुसरीत होतीस. पुढचे दोन दात पडलेले. काय सांगणार होतीस?”

“कुणी ठरवलं?”

“सगळ्यांनी. मीपण.” आणि तो इतक्या घाईने उठला की मला कळलं, तो कुणाला तरी पाठीशी घालतोय.

मी एकटीच परत निघाले. धुकं दाट झालं होतं. मला त्या धुक्यात एक कोर्ट दिसलं, खरंच दिसलं! वाफ्यांच्या मधोमध. त्याला भिंती नव्हत्या. तिथे तारीख म्हणजे तारीखच असे, पाहुण्यासारखी टळणारी नाही. आणायला गाडी नाही, असं कुणी म्हटलं तर साहेब स्वतःच उठून चालत जात जेलपर्यंत. माणूस बोलायच्या आत त्याचा कागद लिहून होत नसे. ज्याला जामीन राहायला कुणी नाही त्याच्या शब्दालाच जामीन धरत. आणि पहिल्याच दिवशी, अगदी पहिल्याच, एक बाई शांतपणे विचारायच्या, तुमच्याबरोबर कोण होतं? आणि सगळे थांबायचे. उत्तर येईपर्यंत थांबायचे.

बास, एवढंच. मला फार मोठं काही दिसलं नाही.

*

आता आईचं. यातलं काही मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभी राहून ऐकलं, काही तिने नंतर सांगितलं आणि उरलेलं मला तिच्या पाठीवरून कळलं. भाकरी थापताना तिची पाठ बोलते.

नवसाआत्या चुलीपाशी लसूण सोलत होती. “मंजुषा, मघाशी फोनवर तुझा रवी नाही म्हनला, तेव्हा तुझ्या हातातलं फूल गळलं. माले दिसतं अजून. काय लपवताय तुम्ही?”

आईने भाकरी तव्यावर टाकली. उलटायची विसरली. जळका वास सुटला तेव्हा म्हणाली, “आत्या, त्या पहाटे भाऊजींबरोबर गोदा होती. ओंजळ घेऊन.”

आत्याचा लसूण तसाच राहिला.

“मीच गेले होते जेलमध्ये भेटायला,” आई म्हणाली. मधे काच होती, बोलायला एक फोन इकडे, एक तिकडे. आईला अजून त्या फोनचा वास आठवतो, कितीतरी तोंडांचा. मागे रांग, आवाज, लेकरांची रडारड. पुढच्या वळणावरची ती मुलगी आईला माहीत होती, जी एका भांडणाच्या खटल्यात साक्ष देऊन आली आणि मग गावाने तिला ‘कोर्टवाली’ म्हणायला सुरुवात केली. वकिलाने भर कोर्टात तिला इतकं खोदून विचारलं होतं की ती नंतर शाळेतही उत्तर द्यायची बंद झाली. अन् मी तर तेव्हा आधीच घुमी. कुणी मोठ्याने बोललं तरी पदराआड जाणारी. आईने काचेला हात लावला आणि म्हणाली, भाऊजी, पाया पडते, पोरीचं नाव घेऊ नका. तुम्ही निर्दोष आहात, चार दिवसांत सुटाल.

“मग?”

“मान हलवली त्यांनी. अन् विचारलं, शेवंती कशी आहे यंदा?”

मला खात्री होती, आता ती आईला फाडून खाणार. नवसाआत्याच ती! दुपारभर अण्णांना झाडत होती. पण ती म्हणाली, “बरं केलं तू.”

खिडकीबाहेर मी चक्रावलेच.

“मीबी तेच केलं असतं,” आत्या म्हणाली. “मी बी धरेल शे ती ओंजळ, लहान होते तेव्हा. पोरीच्या जातीला एकदा लोकांच्या तोंडात दिलं की बाहेर निघत नाही बाई. महेश पुरुष शे. निभावलं त्याने. आता उद्या कबूल करू दे, सुटू दे. मी मघाशी उगाच तोंड वाजवलं.”

म्हणजे आता सगळेच एका बाजूला. अण्णा, पप्पा, आत्या, काका स्वतः. काका चोर ठरायला तयार, सगळं घर त्याला चोर ठरवायला तयार, आणि सगळं माझ्यासाठी! मला असं वाटलं, की मी एक फार सुंदर पांघरूण अंगावर घेऊन इतकी वर्षं झोपलेय, आणि ते पांघरूण दुसऱ्या कुणाच्या अंगावरून काढलेलं आहे.

पण मग आईची पाठ हलायला लागली. ती रडत होती. आवाज न करता, भाकरी थापता थापता.

“काय झालं आता?” आत्या म्हणाली. “तुझ्याच बाजूने बोलले ना मी?”

“म्हणूनच,” आई म्हणाली. “इतके दिवस मनात होतं की कुणीतरी म्हणावं, मंजुषा, बरोबर केलंस. आज तुम्ही म्हणालात. अन् मला ते ऐकवेना.”

*

मी चिंचेखाली जाऊन रेहाना मॅडमना फोन लावला. नंबर पप्पांच्या फोनमधून मघाशीच घेतला होता. आवाज माझाच होता, स्पर्धेतला.

“मॅडम, दुसरीत असताना बघितलेलं दहावीत सांगितलं तर कोर्ट ऐकतं का?”

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. “कोण, गोदावरी का? नीट सांग.”

मी सांगितलं. धड सांगितलं की नाही देव जाणे, पण सगळं सांगितलं. ओंजळ, मौन, बांध.

“कायदा कुणाला वयावरून परत पाठवत नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “प्रश्न समजून उत्तर देता आलं म्हणजे झालं. विश्वास ठेवतील का? माहीत नाही. घरचीच मुलगी आहेस, वर्षं गेली आहेत, ते म्हणतील पढवलंय. आणि एक प्रश्न नक्की येईल. लाखात एक नाही, नक्की. इतकी वर्षं का गप्प होतात? त्याला तुला खरं उत्तर द्यावं लागेल. सगळ्यांसमोर. आहे का तयारी? घाई करू नकोस. आईवडिलांशी बोल. त्यांच्याशिवाय मी तुझं नाव देणार नाही.”

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. दुपारी विचारलेला प्रश्न किती सोपा होता! तेव्हा फक्त काकाने उत्तर द्यायचं होतं.

दिवे लागत होते. पप्पा आणि आई पिकअपमध्ये क्रेट चढवत होते, उद्याच्या बाजारासाठी. एक खालून देतोय, एक वरून घेतोय, रोजच्यासारखं, न बोलता. काका मोटारीच्या खोलीपाशी हातपाय धूत होता. तो ऐकू येण्याइतका जवळ होता, पण बघत नव्हता.

“पप्पा, आई,” मी म्हणाले. “थांबा ना जरा.”

पप्पा क्रेट हातात धरूनच थांबले. “काय गं? परत पैज आहे का?”

“मला माहीत आहे त्या पहाटेचं. मी होते काकाबरोबर.”

आई गाडीच्या फळीवर बसली. पप्पांनी मोटारीच्या खोलीकडे बघितलं. “महेश बोलला?”

“मी विचारलं म्हणून.”

“गोदा, ऐक,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज दुपारसारखा नव्हता. “तुला वाटतं तितकं सोपं नाही. ते वकील तुला उभी चिरतील. लहान होतीस, झोपेत होतीस, स्वप्न पडलं असेल, असं म्हणतील. तुलाच वाटायला लागेल की स्वप्न पडलं. अन् एवढं करून नाहीच मानलं तर? तोही अडकेल, तूही. कबूल केलं तर उद्या मोकळा होतो तो.”

“मोकळा नाही होत पप्पा. मॅडम म्हणाल्या ना, दोषी म्हणून सुटतो.”

“लोकांना काय...”

“मला लोकांचं नाही विचारायचं! आपण म्हणतो कोर्ट ऐकत नाही, पोलीस ऐकत नाहीत. त्यांना सांगितलं कुणी? ज्या एका माणसाला माहीत होतं, ती मी, मला तुम्ही झोपवून ठेवलंत. सगळं बदलायला पाहिजे, हे मी माइकवर म्हणते. पण कुठून बदलणार? मी माझ्या वाट्याचं तरी सांगायला नको?”

काकाने नळ बंद केला. धुकं आता गाडीच्या चाकांपर्यंत आलं होतं आणि क्रेटमधली शेवंती अंधारातही थोडी उजेडासारखी दिसत होती. आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती म्हणेल, पाया पडते. ती म्हणाली, “ते विचारतील, इतकी वर्षं गप्प का.”

“हो.”

“काय सांगशील?”

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिच्या हाताला शेवंतीचा कडवट वास येत होता. मी तो हात धरला, कारण जे सांगायचं होतं ते लांबून सांगण्यासारखं नव्हतं.

“आई, पप्पा, मी साक्ष देणार आहे. उद्या मॅडमनी माझं नाव द्यायचं, तुम्ही दोघांनी सोबत यायचं. आणि त्यांनी विचारलं, इतकी वर्षं गप्प का, तर मी तुमचं नाव घेणार आहे. आई घाबरली होती, असं सांगणार आहे. खरं तेच सांगणार आहे.”